कमलिनीबाईंच्या पाठीवरचा चौकोन

कमलिनीबाई पाटणकर यांची व माझी ओळख माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे झाली. सन १९६८ मध्ये माझे यजमान रघुनाथ हे झाशीच्या वॅगन कारखान्यात खलाशी म्हणजे हाताखालचे मदतनीस म्हणून लागले आणि त्यांना हरिभाऊ पाटणकर मार्कर यांच्या हाताखाली दिले गेले. मार्कर म्हणजे लोखंडी पत्रा कापण्यापूर्वी त्यावर रेघा आखून देणारा कारागीर. खडू लावलेल्या दोरीचे एक टोक हरिभाऊ धरीत व दुसरे माझे यजमान धरीत. कमलिनीबाई या हरिभाऊंच्या पत्नी. आम्हांस नगरा या वस्तीत मिळालेले क्वार्टर त्यांच्या क्वार्टरला लागूनच होते. राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी मधल्या भिंतीवरून मान काढून मला विचारले, "काय गं, तुझा नवरा आमच्या ह्यांच्या दोरीचं टोक धरतो ना? मग तू माझ्या गोधडीचं धर." आणि ओली गोधडी पिळण्यासाठी मला बोलावून घेतले. तेव्हापासून पंधरा वर्षे त्यांच्या घरी कशाचेही दुसरे टोक धरायचे असले की मला हाक येत असे.

त्या झाशीच्याच होत्या. त्यांचे पूर्वज फार पूर्वी फौजेबरोबर दक्षिणेतून येथे आले व येथलेच झाले. त्यांच्या बोलण्यात जुने मराठी शब्द असत आणि त्यांच्या शेजारी हिंदी शब्द बिनदिक्कत बसत. स्वयंपाकघराला त्या मुदपाकखाना म्हणत. त्यांच्या सासूबाई भानुमतीकाकू भुसावळकडच्या होत्या. त्यांना हे खपत नसे.

"सहा बाय आठची खोली, वर धुराडं नाही," काकू म्हणत, "आणि म्हणे मुदपाकखाना. फौज जेवायला येणार आहे वाटतं."

"फौज कशाला, आई," कमलिनीबाई म्हणत. "आप अकेली काफी हो."

त्या दोघींचे असेच चाले. कमलिनीबाई कोणाचे ऐकून घेत नसत आणि कोणाला सोडीतही नसत. माझ्या शिवणाला त्यांनी कधी चांगले म्हटले नाही. मी तेव्हा शेजारणींची पोलकी शिवून देत असे. मला तेव्हा लिहिता वाचता येत नव्हते, ते मी पुष्कळ पुढे शिकले, म्हणून मी मापे दोरीला गाठी मारून ठेवीत असे. त्या माझी गाठींची दोरी उचलून चार बायकांसमोर विचारीत, "चंपे, यातली माझी गाठ कोणती आणि म्हशीची कोणती?" सगळ्या हसत. मीही हसत असे, कारण न हसून चालत नसे.

परंतु त्यांच्या चालण्याविषयी लिहिले पाहिजे. त्या फार वेगाने चालत. नगऱ्यातून सिविल लाइंसपर्यंत कोणाकडे बारसे असो की कोणाचे प्रेत उठणार असो, त्या पायीच जात आणि रिक्षाने निघालेल्या बायकांच्या आधी पोहोचत. कॉलनीतल्या लोकांनी त्यांचे नाव मेल ठेवले होते, कारण त्या लहान स्टेशनांवर थांबत नाहीत. हे नाव त्यांना ठाऊक होते व आवडतही असे. "हटो, मेल येतेय," असे त्या स्वतःच म्हणत.

सन १९८३ च्या पावसाळ्यात त्यांच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये व थोडे खाली, दुखू लागले. रात्रंदिवस दुखे. काकू म्हणाल्या, काम नको म्हणून दुखते. हरिभाऊंनी कारखान्यातून दुखण्यावर लावण्याचे काळे मलम आणून दिले. भाद्रपदात एके दिवशी त्या सिविल लाइंसहून घरी आल्या तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कोठे निघून गेली हे त्यांना कळले नव्हते. तळपायाला रक्त आले होते, तेही त्यांना कळले नव्हते.

"मेलचा एक डबा मागेच सुटला," शेजारचे गजानन फिटर म्हणाले, आणि ओट्यावरची माणसे हसली. कमलिनीबाईही हसल्या. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी पायाला बोटाने टोचून पाहिले. मी समोरच होते. त्यांनी तीन वेळा टोचले, तिसऱ्या वेळी नखाने टोचले, आणि माझ्याकडे पाहिले. तेव्हा त्या हसत नव्हत्या.

तपासण्या होऊन मोठ्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की पाठीच्या कण्यात गाठ आहे व ती आतल्या दोरीवर दाब देत आहे. पाय त्या दोरीनेच चालतात. वीस दिवस मशीनखाली ठेवून किरणे द्यावी लागतील. गाठ आवळली तर पाय राहतील. नाही आवळली तर पाय जातील. डॉक्टरीणबाई हे हिंदीत व शांतपणे बोलल्या. कमलिनीबाईंनी एवढेच विचारले, "और जान?"

"जान की बात बाद में करेंगे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहले टाँगें."

रोगी बाई असेल तर तिच्याबरोबर बाईमाणूस हवे असा त्या विभागाचा नियम होता. काकूंचे गुडघे दुखत असल्यामुळे हरिभाऊंबरोबर मला नेण्यात आले. म्हणून पुढचे मी स्वतः पाहिलेले आहे.

मशीनची खोली थंड होती आणि तिचे दार तिजोरीच्या दारासारखे जाड होते. यंत्र चालविणारे गृहस्थ लिटोरियाजी हे जवळच्या एरच गावचे होते. वयस्क होते व त्यांचा हात थोडा कापत असे. त्यांनी कमलिनीबाईंना अरुंद टेबलावर पालथे निजविले. कपाळाखाली कापडाचे कडे दिले, घोट्यांखाली लोड दिला, दोन्ही कुशींना वाळूच्या जड थैल्या लावल्या आणि कमरेवरून रुंद पट्टा घेऊन तो टेबलाच्या खाली आवळला. मग त्यांनी आदल्या दिवशी काढलेला फोटो काचेवर लावून पाहिला, मणके बोटाने मोजले, आणि पाठीवर जांभळ्या शाईने एक चौकोन काढला. मध्ये फुली केली. चौकोनाच्या रेघा काही सरळ नव्हत्या. यंत्रातून उजेडाचा एक चौकोन पाठीवर पडत असे. तो उजेडाचा चौकोन शाईच्या चौकोनात बरोबर बसविणे, हेच त्यांचे काम होते.

"देखो बिन्नू," ते बहिणीला हाक मारावी तसे बुंदेलीत म्हणाले, "रोज ऐसई लेटने है. जैसी आज लेटी हो, वैसई. और हिलियो नईं."

"खोकला आला तर?" कमलिनीबाईंनी कड्यातून विचारले. मग हिंदीत विचारले.

"निगल जइयो."

"और घरवाले की याद आई तो?"

"तो और न हिलियो," लिटोरियाजी म्हणाले. त्या कड्यात तोंड घालून हसल्या, आणि त्यांची पाठ हलली म्हणून त्यांना बोलणी बसली.

पट्टा सोडताना लिटोरियाजींनी आम्हांला बजावले की हा चौकोन पुसला जाता कामा नये. पाठीला पाणी लागू नये. तो गेला तर घरी काही करू नका, सरळ माझ्याकडे या, मी पुन्हा फोटो पाहून काढीन. हेच एका कागदावर छापलेले होते, तो कागद त्यांनी हरिभाऊंच्या हातात दिला. हरिभाऊंनी तो घडी करून खिशात ठेवला. ते कागदाकडे पाहत नव्हते. ते चौकोनाकडे पाहत होते.

रिक्षात ते म्हणाले, "ही काय रेघ झाली? डाव्या बाजूला पाव इंच खाली आलीय. आमच्या इथे असला पत्रा परत पाठवतील."

घरी आल्याबरोबर त्यांनी कमलिनीबाईंना खाटेवर पालथे निजविले व मला हाक मारली. टेपचे टोक मानेखालच्या ज्या हाडाचा उंचवटा बोटाला लागतो त्यावर धरायला मला सांगितले. त्यांनी चौकोनाची वरची रेघ किती इंचांवर आहे, खालची किती, दोन्ही बाजू मधल्या कण्यापासून किती, हे सारे मोजून आपल्या कारखान्याच्या वहीत लिहून ठेवले. दुसऱ्याने आखलेली रेघ कोणताही मार्कर मोजल्यावाचून सोडीत नाही, असे माझे यजमानही सांगत. वरची रेघ मानेपासून साडेआठ इंचांवर होती. हा आकडा मी वाचला नव्हता. त्यांनी तो मोठ्याने उच्चारला म्हणून माझ्या लक्षात राहिला.

पहिले सहा दिवस नीट गेले. दुखणे थोडे कमी झाले. डॉक्टरीणबाईंनी सुईने पाय टोचून पाहिले तेव्हा कमलिनीबाईंनी नऊपैकी सात वेळा बरोबर सांगितले. परत येताना त्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत माझा हात न धरता चालल्या. "मेल लेट आहे," त्या म्हणाल्या, "रद्द नाही."

मग दिवाळीची सुट्टी आली. लिटोरियाजी आपल्या आईच्या आजारपणासाठी एरचला गेले. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी फराळाचे ताट घेऊन पाटणकरांकडे गेले तेव्हा न्हाणीत दिवा लावलेला होता आणि कमलिनीबाई पाटावर बसलेल्या होत्या.

सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान केले नाही तर माणूस नरकात जातो, असे आमच्यात मानतात. काकूंनी आदल्या दिवसापासून तेच लावून धरले होते. "तुला जायचं असेल नरकात तर जा," काकू म्हणाल्या, "पण माझ्या घरातून पारोशी जाऊ नकोस. लोक मला विचारतील."

"आई, पाठीला पाणी नको म्हणून सांगितलंय."

"पाणी नको ना? मग पाणी नाही घालत. तेल लावते, उटणं लावते आणि कोरड्या फडक्याने पुसून घेते. तेल म्हणजे काय पाणी आहे?"

कमलिनीबाई नेहमी उलट उत्तर देत. त्या दिवशी त्यांनी पाठ काकूंकडे वळविली व म्हटले, "चोळा मग. किती दिवसांत माझ्या पाठीला कोणाचा हात लागला नाही. जो येतो तो मापच घेतो."

काकूंनी कोमट तेल चोळले. त्यांचा हात जड होता, पण त्या दिवशी त्यांनी चांगले चोळले, हे मी सांगितले पाहिजे. कमलिनीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग उटणे लावले व पंचाने पुसले. पंचा उजेडात धरला तेव्हा तो जांभळा झालेला होता. पाठीवर काहीही उरलेले नव्हते. पाठ चकचकीत पिवळी दिसत होती.

हरिभाऊ आले. त्यांनी पंचा पाहिला आणि आईला काही म्हटले नाही. त्यांनी कमलिनीबाईंना म्हटले, "तुला तोंड नव्हतं? सगळ्या जगाशी तोंड चालवतेस, आता कुठे ठेवलं होतंस?"

"आता इस्पितळात जाऊन सांगू या," त्या म्हणाल्या.

"काय सांगायचं? धुतलं म्हणून? ते नाव कापतील आणि रांगेच्या शेवटी टाकतील. बाहेर तीन महिन्यांची रांग आहे, पाहिलीस ना?" असा नियम इस्पितळाने कोठेही लिहिलेला नव्हता व कोणी सांगितलेलाही नव्हता. तो हरिभाऊंनी आपल्या मनाने केला होता, कारण कारखान्यात तसे होते. मग ते म्हणाले, "आणि सांगायचं कशाला? माझ्याकडे माप आहे."

त्यांनी वही आणली, टेप आणला आणि जांभळी कॉपिंग पेन्सिल थुंकी लावून ओली केली. कमलिनीबाई खाटेकडे जाण्यासाठी उठू लागल्या. तेव्हा काकू म्हणाल्या, "खाटेवर नको. दिवाळीची नवी चादर घातलीय. तेलाचे डाग जातात का कधी?"

त्यामुळे कमलिनीबाई पुन्हा पाटावर बसल्या. पाठ नीट दिसावी म्हणून हरिभाऊंनी त्यांना पुढे वाकायला सांगितले. त्यांनी गुडघ्यांना मिठी मारली व डोके गुडघ्यांवर ठेवले. मला टेपचे टोक धरायला सांगितले, आणि मी ते मानेखालच्या हाडावर धरले.

मी पोलकी शिवणारी बाई होते. उभ्या बाईचे माप घेतलेले पोलके ती वाकली की पाठीवर ओढले जाते व वर चढते, हे मला आकड्यांवाचून ठाऊक होते. वाकले म्हणजे पाठ लांब होते. मी म्हटले, "मागच्या वेळी वहिनी निजल्या होत्या."

हरिभाऊंनी टेप माझ्यासमोर धरला. "चंपाबाई," ते म्हणाले, "माझं बोट कुठल्या आकड्यावर आहे, सांगा बरं."

मला सांगता आले नाही.

"गाठ नाही ना मारलेली," काकू म्हणाल्या. गुडघ्यांत डोके घातलेल्या कमलिनीबाईही हसल्या. त्यांचे हसणे टेपमधून माझ्या बोटांना लागले. मी टोक घट्ट धरून ठेवले.

हरिभाऊंनी पोलादी पट्टी लावून चौकोन आखला. मी त्यांचे कारखान्यातले काम कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. चारही कोपरे काटकोनात होते आणि रेघ कोठेही जाड किंवा बारीक नव्हती. आखून झाल्यावर त्यांनी मागे सरून एक डोळा मिटून पाहिले व समाधानाने म्हटले, "आता झाली रेघ."

सुट्टीनंतर लिटोरियाजींच्या जागी बदलीचा तरुण माणूस होता. त्याने विचारले, "धोया तो नहीं?"

"नहीं जी," हरिभाऊ म्हणाले.

कमलिनीबाई टेबलावर पालथ्या होत्या, पट्टा आवळलेला होता. त्या काही बोलल्या नाहीत. मी टेबलाच्या शेजारी उभी होते. मीही बोलले नाही. त्या माणसाने उजेडाचा चौकोन शाईच्या चौकोनात बसविला. रेघ इतकी सरळ होती की तो एका क्षणात बसला. मग आम्ही बाहेर आलो, जाड दार लागले आणि मी भिंतीतल्या काचेतून आत पाहत राहिले.

असे नऊ दिवस झाले. आठवड्यातून पाच दिवस. कमलिनीबाई एकदाही हलल्या नाहीत. त्यांना खोकला आला की त्या तो गिळीत आणि मग बाहेर येऊन व्हरांड्यात बसून खोकत. तो माणूस म्हणे, ऐसा मरीज नहीं देखा. चौथ्या दिवसापासून त्यांना माझा हात लागू लागला. सहाव्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी धरावे लागले. सुईने टोचल्यावर त्या अंदाजाने सांगू लागल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या ते ध्यानात आले. "उल्टा कैसे हो रहा है," असे त्यांनी स्वतःशीच म्हटले.

मी घरी यजमानांना सांगितले की चौकोन वहिनींना वाकवून काढला होता. ते म्हणाले, "उन्हाळ्यात रूळ लांबतो म्हणून सांध्यात फट ठेवतात, हे मला हरिभाऊंनीच शिकवलं." मी म्हटले, मग तुम्ही त्यांना सांगा. ते म्हणाले, "मी दोरी धरणारा माणूस. मी त्यांना रेघेचं काय सांगू?" त्यांनी सांगितले नाही.

सोळाव्या दिवशी लिटोरियाजी परत आले. त्यांनी वाळूच्या थैल्या लावल्या, पट्टा आवळला, यंत्राचा उजेड पाडला, आणि थांबले. ते खाली वाकले व पाठीजवळ तोंड नेऊन पाहू लागले.

"जा लकीर हमाई नइयाँ," ते म्हणाले, म्हणजे ही रेघ माझी नव्हे.

"वही है जी," हरिभाऊ म्हणाले.

"भैया, बीस साल हो गए. हमाओ हाथ काँपत है. हमाई लकीर कभऊँ सूधी भई नइयाँ." वीस वर्षांत आपली रेघ कधी सरळ आली नाही, असे सांगून त्यांनी बोट या रेघेवरून फिरविले. "जे तो काऊ बड़े कारीगर को हाथ है."

हरिभाऊंनी मान वर केली. मी त्यांच्याकडेच पाहत होते, म्हणून लिहिते. त्यांचे खांदे सरळ झाले व चेहऱ्यावर समाधान आले. ते फार थोडा वेळ राहिले, पण ते मी पाहिले. मग आपण काय ऐकले हे त्यांना कळले आणि ते पुसले गेले.

कड्यात कपाळ ठेवलेल्या कमलिनीबाईंनी मराठीत म्हटले, "घ्या. बक्षीस मिळालं."

लिटोरियाजींनी हरिभाऊंना बाहेर पाठविले आणि मला विचारले. त्यांनी एवढेच विचारले, "लेटे में खींची थी कि बैठे में?" मी सांगितले. ते स्टुलावर बसले आणि थोडा वेळ दोन्ही हात मांड्यांवर ठेवून राहिले.

नवा फोटो काढला. तो काचेवर लावून डॉक्टरीणबाईंनी हरिभाऊंना दाखविला. वाकलेल्या पाठीवर आखलेला चौकोन निजल्यावर सव्वा इंच वर सरकला होता. गाठीचा खालचा भाग नऊ दिवस उघडा राहिला होता व तेथेच ती वाढली होती. वरच्या निरोगी हाडाला मात्र तेवढा मारा विनाकारण बसला होता.

"नाप ठीक है," हरिभाऊ म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढून दाखविली. "साडेआठ इंच. देखिए. बराबर लिखा है."

"किताब में ठीक है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पीठ में नहीं."

त्यांनी विचारले की तेव्हाच का आला नाहीत. हरिभाऊंनी नाव कापण्याची भीती सांगितली. "ऐसा कोई नियम नहीं है," त्या म्हणाल्या. "आधे घंटे का काम था." पुढे त्यांनी असेही सांगितले की चौकोन जागेवर असता तर पाय नक्कीच राहिले असते, असे त्या म्हणू शकत नाहीत. काही गाठी ऐकत नाहीत. हरिभाऊंनी त्यांच्या सगळ्या बोलण्यातले हेच एक वाक्य जपून ठेवले व नंतर जो भेटेल त्याला ऐकविले.

राहिलेले दिवस योग्य जागी किरणे दिली. त्यांचा उपयोग झाला नाही. मार्गशीर्षात दोन्ही पाय कमरेपासून गेले. इस्पितळात ठेवावे लागले, लघवीची नळी लागली.

यानंतर कमलिनीबाई चौदा महिने जगल्या. त्या काळाविषयी फार लिहावेसे वाटत नाही, पण काही लिहिले पाहिजे. त्यांची कन्या कांचन नागपूरहून आली, आठ दिवस रडली व परत गेली. काकू त्यांना धोंडा म्हणू लागल्या. समोरच म्हणत. "धोंड्याला जेवण दिलं का गं, चंपा?" ओट्यावरची माणसे म्हणत, मेल यार्डात लागली. हरिभाऊंनी सागाची एक चौकट घडवून त्यात खाट बसविली, कुशींना लाकडी पाट्या लावल्या आणि घसरू नये म्हणून रुंद पट्टा लावला. चौकट एक सूतभरही कमी जास्त नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती दाखवीत व हाताने ठोकून तिचा मजबूतपणा सांगत. पत्नीच्या पायांकडे मात्र ते पाहत नसत. सकाळी कामावर जाण्यापूर्वी ते त्या पायांवर चादर घालीत आणि तिच्या कडा गादीखाली इतक्या आवळून खोचीत की मालगाडीवर ताडपत्री बांधल्यासारखे दिसे.

चौकोनाची चूक त्यांनी कधीही कबूल केली नाही. ते म्हणत, रेघ बरोबर होती, पाठ हलली. कमलिनीबाईंसमोरही म्हणत. एकदा त्यांनी विचारले, "अहो, मी हलले का?" ते म्हणाले, "हलली असशील. तुला कळणार कसं?" त्या माझ्याकडे पाहू लागल्या. नऊ दिवस काचेतून मी पाहिले होते की त्या हलल्या नव्हत्या. हरिभाऊ माझ्या यजमानांचे वरिष्ठ होते. मी पदर तोंडाला लावून बाहेर गेले. नंतर कमलिनीबाईंनी मला त्याबद्दल काही म्हटले नाही. फक्त गाठींच्या दोरीवरून चेष्टा करणे त्यांनी त्या दिवसापासून बंद केले. ती बंद झाल्याचे मला अधिक लागले.

सन १९८५ च्या माघ महिन्यात त्या गेल्या. त्यांना न्हाऊ घालण्यासाठी आम्ही बायकांनी कुशीवर वळविले तेव्हा पाठीवर, त्वचा भाजून काळपट झालेल्या जागी, चौकोन अजून दिसत होता. त्याच्या कडा सरळ होत्या.

त्यांनी मला पुष्कळ कामे सांगितली, पण ती सारी हुकूम म्हणून सांगितली. विनंती एकदाच केली. त्यांना इस्पितळातून कायमचे घरी आणले त्या आठवड्यातली ती गोष्ट आहे. हरिभाऊ भोंग्यावर कामावर गेले होते आणि काकू देवाशी बसल्या होत्या. मी केस विंचरायला गेले होते. त्या बराच वेळ छताकडे पाहत होत्या. मग त्यांनी माझे मनगट धरले आणि हलक्या आवाजात म्हटले, "चंपा, ती चादर सोड गं पायांवरची. आणि मानेखाली दोन उशा दे. माझे पाय मला दिसतील असं ठेव."